भिडूचा रंग

“पास,” समोर बसलेली धाकटी म्हणाली.

तिच्यानंतर त्यांच्याच टेबलावरच्या चष्मेवाल्याची बायकोही पास म्हणाली आणि बोली थोरलीपर्यंत आली. थोरलीनं नजर वर केली नाही. हातातली पानं तिनं पुन्हा एकदा रंगाप्रमाणे लावली. खरं तर ती आधीच लागलेली होती.

“मॅडम, तुमची बोली,” खुर्च्यांमागून फेऱ्या मारणारे डॉक्टर म्हणाले.

“करतेय ना विचार.”

“विचार करा, पण चेहरा करू नका. चेहऱ्यावरून भिडूला काही कळलं तर ती लबाडी झाली.”

समोर दुसरी कोणी असती तर थोरलीला हसू आलं असतं. समोरच्या बाईला आपल्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळू द्यायचं नाही, हे तिनं चार वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं.

“एक बदाम,” ती टेबलाकडे बघून म्हणाली.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जुन्या मासिकांचे गठ्ठे ठेवायची एक लांबट खोली होती. गठ्ठे भिंतीकडे सारून तिथं तीन टेबलं मांडली होती, आणि संध्याकाळी ब्रिजचा वर्ग भरायचा. शिकवणारे डॉक्टर दातांचे. दवाखाना मुलाच्या हवाली करून मोकळे झालेले. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, “आयुष्यभर मी लोकांना म्हणत आलो, तोंड उघडा. इथं म्हणणार, तोंड बंद. चार रंग, एक बिनहुकमी नोट्रम्प, एक ते सात आकडे, पास, डबल आणि रिडबल. भिडूशी बोलायला एवढेच शब्द. यापलीकडे बोललात तर पानं काढून घेईन.”

थोरलीला हे फारच सोयीचं वाटलं होतं. कारण तोवर तिचा भिडू ठरलेला होता.

भिडू ठरवायला डॉक्टरांनी कॅट पिसून टेबलावर पसरला होता. प्रत्येकानं एकेक पान ओढायचं, मोठी दोन पानं एकीकडे, लहान दोन एकीकडे. थोरलीला राजा आला. त्याच वेळी उशिरा आलेलं कोणीतरी घाईघाईनं समोरच्या रिकाम्या खुर्चीत टेकलं आणि हात पुढं करून एक्का उलटा केला. त्या हातातली अंगठी थोरलीनं स्वतः, चार दुकानं पालथी घालून, धाकट्या जावेसाठी पसंत केलेली होती. दोघींच्या माना एकदमच वर झाल्या. धाकटीनं पर्स उचलली. थोरलीनंही खुर्ची मागं सरकवली. मग दोघींच्याही लक्षात आलं, की आधी जी उठेल ती हरली. पर्स परत मांडीवर आली, खुर्ची परत जागेवर.

थोरलीची सगळी नोकरी इस्पितळात केसपेपरच्या खिडकीमागं गेली. रांगेतल्या माणसांना तिचा चेहरा कमी आणि आवाज जास्त माहीत. “पुढचा!” ती म्हणायची, आणि कण्हणारी माणसंसुद्धा झटकन पुढं सरकायची. घरीही तोच आवाज चालायचा. लग्न होऊन आली तेव्हा धाकटा दीर कॉलेजात जाणारा, काडीसारखा. नवरा त्याला बारक्या म्हणायचा, मग तीही म्हणायला लागली. त्याचा डबा तिनं भरला, त्याच्या परीक्षांच्या वेळी पहाटे तिनं उठवलं, आणि सायकल चालवायला मात्र त्यानं तिला शिकवलं, भर रस्त्यात, मागून कॅरिअर धरून ओरडत, “वहिनी, पुढं बघ, माझ्याकडं काय बघतेस!” बारक्याला पत्त्यांचं वेड. तिलाही ब्रिज शिकवायचं म्हणून तो हात धुऊन मागं लागला होता. “रिकामटेकड्यांचा खेळ तो,” ती म्हणायची, “मला स्वयंपाक आहे.”

मग बारक्याचं लग्न झालं, शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याचं बिऱ्हाड झालं, आणि सासूबाई थोरलीकडे राहिल्या. पुढं त्या अंथरुणाला खिळल्या. कूस बदलायलाही दुसऱ्याचे हात लागायचे. थोरलीनं नोकरी सांभाळून ते सगळं केलं, आणि केलं म्हणून कधी बोलून दाखवलं नाही. बारक्या अधूनमधून यायचा, आईच्या उशाशी दोन्ही हात खिशात घालून उभा राहायचा. आईला पाण्याचा पेलासुद्धा उचलून द्यायचा नाही. थोरलीच्या ते डोळ्यांत सलायचं, पण मुलगा म्हटलं की असंच, असं म्हणून ती सोडून द्यायची.

सोडता आलं नाही ते पुढचं. तिच्या पित्ताशयात खडे निघाले. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून घ्या, लांबवू नका. तिनं धाकटीला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदाच काही मागत होती.

“महिनाभर आईंना तुझ्याकडे ने. मला उभं राहता आलं की परत आणते.”

 मग धाकटी म्हणाली, “ताई, मला नाही जमणार.”

थोरलीनं पुढचं काही ऐकायला न थांबता फोन ठेवला. ऑपरेशन पुढं ढकललं. कळा आल्या की पोटाशी उशी धरून बसायची आणि उठून सासूबाईंची चादर बदलायची. त्या गेल्यावर भेटायला माणसं आली, घर भरलं, आणि सगळ्यांच्या देखत, त्याच खिडकीमागच्या आवाजात, ती म्हणाली, “आईंना मुलगे दोन होते. सून मात्र एकच.” धाकटीनं हातातला कप खाली ठेवला आणि ती निघून गेली. तिच्यामागून बारक्या. त्यानंतर त्या घराचं या घराशी काही उरलं नाही.

आणि आता ती समोर बसून म्हणत होती, “तीन बदाम.”

थोरली चपापली. एकानंतर एकदम तीन. डॉक्टरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं: एक्क्याला चार गुण, राजाला तीन, राणीला दोन, गुलामाला एक. बारा-तेरा गुण असले तर बोली उघडायची. भिडू रंग बोलला आणि आपल्याकडे त्या रंगाची तीन पानं आणि बेताचे गुण असले, तर दोन म्हणायचं. चार पानं आणि बऱ्यापैकी गुण असले, तर तीन. मग पहिल्यानं ठरवायचं, चारवर जाऊन गेमचे जादा गुण मिळवायचे का इथंच थांबायचं. थोरलीच्या हातात चारवर जाण्याइतकी पानं होती. पण समोरचीकडे खरंच असेल का एवढं? ही कधी कुणाला काही देणारी होती?

“पास,” थोरली म्हणाली.

धाकटीनं आपली पानं टेबलावर उघडी मांडली. ती डमी होती, म्हणजे तिची पानं आता भिडूनं खेळायची. बदामाची चार चांगली पानं, बाजूला एक एक्का, एक राजा. बोलली होती तितकं सगळं, अगदी चोख. थोरलीनं खेळून दहा हात केले, आणि बोललेले होते फक्त नऊ, म्हणजे नेहमीचे सहा आणि वरचे तीन.

डॉक्टर मागं येऊन उभे राहिले होते. “मॅडम, दहा हात झाले, पण गेम गेला. तुमच्या भिडूनं तुम्हाला सरळ सांगितलं होतं, माझ्याकडे आहे, या पुढं. तुम्ही ऐकलं नाहीत. भिडूवर विश्वास ठेवायचा नसेल, तर पत्त्यांत एकट्यानं खेळायचेही पुष्कळ खेळ आहेत.”

चष्मेवाला खाकरला. त्याची बायको आपली बांगडी फिरवत बसली.  धाकटीनं पानं गोळा करून पिसायला घेतली. थोरलीचे कान तापले.

“कसं काय चाललंय शिकणं?” घरी नवऱ्यानं विचारलं. वर्गाची जाहिरात त्यानंच आणून दिली होती. निवृत्त झाल्यापासून थोरली घरात कोणालातरी “पुढचा!” म्हणायला शोधत असायची, आणि सापडायचा तो एकटाच. म्हणून त्यानं आपल्याला घराबाहेर काढलं, असा तिचा समज होता.

“चाललंय,” ती म्हणाली. धाकटीचं नाव तिनं काढलं नाही. त्यानंही भिडू कोण ते विचारलं नाही. बूट चढवून तो फिरायला गेला. हल्ली त्याचं फिरणं बरंच लांबलं होतं.

वर्ग चालू राहिला. एकीनंही दांडी मारली नाही. थोरलीला तर एकदा चांगला ताप होता, तरी ती गोळी घेऊन गेली, न जाऊन त्या बाईला समाधान कशाला द्या! दोघी वेळेवर यायच्या, समोरासमोर बसायच्या, आणि वर्ग सुटला की एक आधी जिना उतरायची, दुसरी उगीच मासिकं चाळत थांबायची. पण टेबलावर काहीतरी जमत चाललं होतं, थोरलीच्या मनात नसताना. धाकटी एक म्हणाली की तेवढं असायचंच. पास म्हणाली की खरंच काही नसायचं. चष्मेवाला आणि त्याची बायको एकमेकांवर खेकसायचे, “अगं, मग बोललीस कशाला!” आणि या दोघी शब्दही न काढता गेम करायच्या. “बघा यांच्याकडे,” डॉक्टर इतर टेबलांना म्हणाले, “याला म्हणतात समजूत.” त्या वेळी दोघींनी आपापल्या पानांत तोंड खुपसलं.

मग उताऱ्यांचे, म्हणजे डावातलं पहिलं पान टाकायचे, धडे सुरू झाले.

“पहिली उतारी म्हणजे अंधारात मारलेली उडी,” डॉक्टर म्हणाले. “डमी अजून उघडलेली नाही. तुम्हाला दिसतात फक्त तुमची तेरा पानं, आणि कानात असतात बोली. लागून असलेली मोठी पानं असतील तर त्यातलं वरचं उतरा. नोट्रम्प असेल तर लांब रंगातलं वरून चौथं. पण भिडू एखादा रंग बोललेला असेल, तर मग डोकं चालवू नका. भिडूचा रंग उतरा. तो सांगतोय, माझा जीव इथं आहे.”

त्याच संध्याकाळी ते झालं.

थोरलीच्या हातात बदामाचा एक्का, राजा, राणी आणि खाली आणखी दोन. तिनं एक बदाम म्हणून बोली उघडली. तिच्या डावीकडच्या चष्मेवाल्यानं एक इस्पिक म्हणून तोंड घातलं. धाकटी पास. चष्मेवाल्याची बायको दोन इस्पिक. थोरलीनं तीन बदाम म्हणून पाहिलं, कारण पानं तशीच होती. चष्मेवाला चारवर गेला आणि सगळे पास झाले. इस्पिक हुकूम झाला. खेळणार चष्मेवाला, म्हणजे पहिली उतारी त्याच्या डाव्या हाताला बसलेल्या धाकटीची.

थोरली वाट बघत राहिली. दोनदा बोलली होती ती. आंधळ्यालाही कळावं इतकं स्पष्ट. बदाम येऊ दे, तीन हात इथंच ओढते, चौथा कुठं तरी मिळेल, संपला चष्मेवाला. धाकटीची बोटं पानांवरून इकडून तिकडे गेली, थांबली, परत आली. एवढा कसला विचार? उतरायचा तर आहे एक साधा बदाम!

धाकटीनं किलवरची राणी उतरली.

थोरलीच्या डोक्यात काहीतरी सण्णकन वर गेलं. “मी बदाम बोलले होते,” ती म्हणाली.

खोलीतली तिन्ही टेबलं गप्प झाली. तो आवाज तसाच होता.

“मॅडम,” डॉक्टर घाईनं जवळ आले, “डावात बोलायचं नाही.”

“दोनदा बोलले होते. ऐकू येत नाही का तुम्हाला?” चार वर्षांनी ती धाकटीशी बोलत होती, आणि जिला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं केलं तिला ‘तुम्ही’ म्हणत होती.

“आलं ऐकू,” धाकटी म्हणाली.

“मग? समोरच्यानं काही मागितलं की ते द्यायचंच नाही, असं ठरवूनच बसता का?”

 धाकटीनं हातातली पानं एकदम टेबलावर उलटी केली, सगळीच्या सगळी, आणि तळहातानं पसरली. “शोधा,” ती म्हणाली. “एक जरी सापडलं तरी उचला आणि माझ्या तोंडावर मारा.”

“अहो, हे काय, डाव मोडला...” चष्मेवाला म्हणत होता. कोणी ऐकलं नाही. थोरली त्या पानांकडे बघत होती. लाल दिसलं की नजर तिथं धावायची, आणि ती चौकट निघायची. पुन्हा लाल, पुन्हा चौकट. बदाम एकही नव्हता.

“नाहीये माझ्याकडे, ताई,” धाकटी म्हणाली. “तुम्ही मागितलंत ते ऐकलं मी. पण नव्हतंच, तर कुठून उतरू? तेव्हाही नव्हतं. तेव्हाही तुम्हाला वाटलं, असून दिलं नाही.”

तिनं पर्स घेतली आणि ती जिन्याकडे गेली. आधी कोण उठतं हा प्रश्न त्या क्षणी निकालात निघाला, पण जिंकल्यासारखं थोरलीला काही वाटलं नाही. डॉक्टर हळूच म्हणाले, “जा, मॅडम. पानं मी आवरतो.”

जिन्याच्या मधल्या वळणावर खिडकी होती. तिथं धाकटी कठड्याला धरून उभी होती. रडत नव्हती, दम खात होती.

“तेव्हा म्हणजे कधी?” थोरलीनं वरच्या पायरीवरूनच विचारलं. “काय नव्हतं तुझ्याकडे?”

“कशाला आता.”

“सांग म्हणते ना.”

धाकटी खिडकीबाहेर बघत म्हणाली, “तुमचा फोन आला त्याच्या आदल्या आठवड्यात यांच्या तपासण्या झाल्या होत्या. हातांतली ताकद चालली होती. कप पडायचे. शर्टाची बटणं मी लावत होते. आईंकडे यायचे ना, ते हात खिशात घालून उभे राहायचे, कुणाला दिसू नये म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं, स्नायूंचा आजार आहे, हळूहळू वाढणार, याला औषध नाही. आईंना उचलायला दोन माणसं लागत होती, ताई. माझ्याकडे मी एकटीच होते.”

थोरलीनं कठडा धरला. आईच्या उशाशी उभा असलेला, हात खिशातून न काढणारा बारक्या तिच्या डोळ्यांसमोर आला.

“आणि हे तू मला सांगितलं नाहीस?”

“यांनी शपथ घातली होती. वहिनी आधीच आईच्या आजारपणात अडकलीय, तिला आणखी माझं नको म्हणाले. पण तुम्ही नुसतं ‘का गं’ म्हणाला असता ना, तर मी शपथ मोडली असती. मी वाट बघत होते फोनवर. तुम्ही ठेवून दिलात.”

खालून कोणीतरी पुस्तकं घेऊन वर आलं. दोघींनी अंग चोरून वाट दिली. तो माणूस वर गेला.

“आता कसा आहे?” थोरलीनं विचारलं.

“हात उचलतच नाहीत. मान धरतात, बोलतात, पण सावकाश. डोकं अगदी लख्ख आहे. त्यांचे पत्त्यांचे सोबती होते ना, ते येईनासे झाले. यांची पानं कोणीतरी धरायची, एकेक पान सांगून टाकायचं, लोकांना तेवढा धीर नसतो. मग हे दिवसभर छताकडे बघत बसायचे. म्हटलं, मीच शिकते आणि खेळते यांच्याशी.” ती कसंनुसं हसली. “ब्रिजला चौघं लागतात, हे मला इथं आल्यावर कळलं.”

थोरलीला खूप काही बोलायचं होतं. माफी मागावी असंही मनात आलं. पण जन्मभर खिडकीतून छोटी छोटी वाक्यं बोलायची सवय, तेवढंच तोंडातून निघालं.

“घर तेच ना?”

“तेच.”

“उद्या येते,” ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

नवरा फिरून आला तेव्हा ती दाराकडे तोंड करून बसली होती.

“बारक्या आजारी आहे,” ती म्हणाली.

नवऱ्यानं एक बूट काढला. दुसरा काढायचा राहिला. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिला सगळं कळलं.

“तुम्हाला माहीत होतं.”

“या वर्षी कळलं. बाजारात धाकटी भेटली, तिच्या तोंडून निसटलं.”

“म्हणजे रोजचं फिरणं...”

“त्याच्याकडेच जातो. पेपर वाचून दाखवतो.”

“आणि मला सांगावंसं वाटलं नाही? लहानाचा मोठा केलाय मी त्याला!”

“त्यानंच नको म्हटलं. म्हणाला, वहिनी आली तर ती रडेल, आणि सांगूनही नाही आली, तर मी रडेन. त्यापेक्षा राहू दे.” नवऱ्यानं दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. मग म्हणाला, “धाकटी त्या वर्गाला नाव घालतेय हे कळल्यावर तुला जाहिरात आणून दिली. वाटलं, एका खोलीत तरी बसाल. एका टेबलावर बसाल असं नव्हतं वाटलं.”

थोरली संतापून उठली. स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, भांडी घासायला काढली. स्वच्छ भांडीसुद्धा तिनं पुन्हा घासली. कोणावर चिडावं हे कळत नव्हतं, कारण ज्याच्या त्याच्यावर चिडून झालं की शेवटी तो ठेवून दिलेला फोन उरायचा.

दुसऱ्या दिवशी दोघं गेली.  दार धाकटीनं उघडलं. आतल्या खोलीत खिडकीशी, उशांच्या आधारानं, खुर्चीत बारक्या बसला होता. गालफडं बसलेली, हात मांडीवर कोणीतरी आणून ठेवल्यासारखे. नजर मात्र तीच, खोडकर. तिला बघून त्याचे डोळे भरले, आणि पुसायला हात उठेनात. थोरलीनं पदर पुढं केला आणि लहान पोराचं पुसावं तसं त्याचं तोंड पुसलं, नाकासकट.

“वहिनी,” तो सावकाश म्हणाला, एकेक शब्द जोडत, “शिकलीस म्हणे... शेवटी. स्वयंपाक... झाला का?”

“झाला,” ती म्हणाली. “चार वर्षं लागली.”

थोरली मात्र रडली नाही. टेबल ओढलं गेलं. भाऊ भाऊ एकीकडे, जावा जावा एकीकडे. बारक्याची पानं कोण धरणार म्हणून प्रश्न आला. लाकडी पट्टीला खाच पाडून नवऱ्यानं एक स्टँड केला होता, पण त्यातून पानं घसरायची. धाकटीला त्याच्यासमोर पानं धरायची सवय होती. पण थोरली तिच्याआधीच खुर्ची त्याच्या शेजारी घेऊन बसली.

“मी धरते.”

तिनं त्याची पानं डाव्या हातात पंख्यासारखी उघडली, त्याच्या डोळ्यांसमोर धरली, आणि स्वतः तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिली. स्वतःची पानं उजव्या हातात.

“डावीकडून... तिसरं,” बारक्या म्हणायचा. आपली पानं मांडीवर पालथी ठेवून ती बोटांनी चाचपून पान काढायची.

“ते नव्हे. त्याच्या... अलीकडचं.”

ती ते परत खोचायची आणि अलीकडचं काढायची. एकेका हाताला खूप वेळ लागत होता. चष्मेवाला असता तर वेडा झाला असता. धाकटी समोरून बघत होती, आणि बोलीच्या वेळी, मध्येच, थोरलीच्या लक्षात आलं की आपण तिच्याकडे सरळ बघतोय.

“वहिनी, बघ की,” बारक्या म्हणाला. “मान... अवघडेल. मी तसाही... हरणारच आहे.”

“गप्प बस,” थोरली भिंतीकडे बघत म्हणाली. “पानं तुझी आहेत.”

मग त्या चौघांचं रोजचंच झालं. दोघींचा वर्ग सुटला, पण डॉक्टरांना त्याचं वाईट वाटलं नाही. ते एकदा येऊन बघून गेले, आणि जिना उतरताना बराच वेळ रुमालानं चष्मा पुसत राहिले. दोघी जावांनी मागचं काही उकरलं नाही. एकदा धाकटीनं चहा ठेवताना विचारलं, “ताई, ऑपरेशन झालं का मग तुमचं?” थोरली म्हणाली, “झालं.” तेवढंच. पण बारक्याला कुशीवर वळवायचं असलं की आता चार हात असायचे.

बोलणं हळूहळू जड होत गेलं. आधी वाक्यं गेली, मग डावीकडचं-उजवीकडचं गेलं. शेवटी थोरली पानांवरून एकेक करत बोट फिरवायची आणि हव्या त्या पानाशी बोट आलं की तो पापणी मिटायचा; बोलीही तशीच, एकेक रंग विचारून. ती बघणार नाही, म्हणून धाकटी सांगायची, “हं, हेच.” आणि धाकटीला पलीकडून फक्त पानांची पाठ दिसायची.

एका संध्याकाळी बोली संपली. थोरली नोट्रम्प खेळणार होती. पहिली उतारी तिच्या डावीकडच्या बारक्याची. तिनं त्याची पानं समोर धरली, तोंड फिरवलं आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. शेवटपर्यंत गेली, परत पहिल्यावर आली.

“काय गं?” तिनं न बघता विचारलं.

“झोप लागलीय त्यांना,” धाकटी हळूच म्हणाली.

नवऱ्यानं आपली पानं मिटून छातीशी धरली. धाकटीनं उठून बारक्याच्या मानेखालची उशी जराशी सरकवली, त्याच्या नाकाशी हात धरून संथ चाललेला श्वास पाहिला आणि परत आपल्या जागी येऊन बसली. डाव मोडायचं कोणी म्हणालं नाही. बाहेर दिवे लागत होते. थोरलीचा दंड भरून आला, मुंग्या यायला लागल्या, पण तिनं हात खाली घेतला नाही. पानं त्याच्या चेहऱ्यासमोर तशीच उघडी धरून, भिंतीकडे तोंड करून, ती त्याच्या उतारीची वाट बघत बसली.